चार डिग्रीतले मासे

टाकीचं झाकण उघडलं तर आतले सगळे मासे आडवे. पांढरी पोटं वर. मी मात्र आधी गेज बघितलं. बरोबर चार डिग्री. खोटं कशाला सांगू, मासे मेलेत हे दिसत असूनही मला क्षणभर बरं वाटलं. एवढं अचूक टेंपरेचर डेअरीतसुद्धा क्वचित मिळतं.

"सायेब, ही तर समदी गार झाली की," होडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या ठकूताई म्हणाल्या.

"गारच करायची होती," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढचं वाक्य मी गिळलं.

मी बल्क मिल्क कूलर दुरुस्त करतो. गावातल्या डेअरीत दूध गोळा झालं की ते स्टीलच्या मोठ्या टाकीत ओततात. टाकी ते चार डिग्रीपर्यंत गार करते, म्हणून टँकर येईपर्यंत ते नासत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मला 'कूलरवाले साहेब' म्हणतात. ते 'साहेब' माझ्या जरा डोक्यात गेलं होतं.

ठकूताई डिंभे धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मासे धरतात. होडी त्यांची स्वतःची. त्या दावण टाकतात, म्हणजे लांब दोरीला ओळीने गळ, आणि गळाला आमिष म्हणून बोटाएवढे जिवंत मासे. हे सगळं मरळीसाठी, आणि ही मासळी मोठी नखरेल. मेलेल्या आमिषाकडे ती ढुंकूनही बघत नाही. घोडेगावचं एक हॉटेल दर शनिवारी त्यांच्याकडून मरळ घ्यायचं. पण यंदा काठाला मरळ मिळेना. होडी लांब आत न्यावी लागायची आणि तिथे पोचेपर्यंत डब्यातलं आमिष मरायचं. लागोपाठ दोन शनिवार त्या रिकाम्या परतल्या. येत्या शनिवारी मरळ आली नाही तर ऑर्डर दुसऱ्याला, असं हॉटेलवाल्याने सांगून टाकलं.

हे मला त्यांच्या नवऱ्याकडून, नामदेवभाऊंकडून कळलं. ते डेअरीत दूध घालायला आले होते आणि मी कूलर खोलून बसलो होतो. "मासं टिकत न्हाईत," ते कुणाला तरी सांगत होते. "ऑर्डर गेली तर होडी इकून टाकू म्हनतो. पन ती ऐकंल तर ना."

"टिकत नाहीत? टाकीचंच काम ना? माझ्यावर सोडा," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी चार दिवस रजा टाकली. भंगारातली दुहेरी भिंतीची छोटी टाकी आणली. डेअरीच्या शिस्तीप्रमाणे कॉस्टिक सोड्याने धुतली. भिंतींच्या मधल्या पोकळीत बर्फ ठासला. आत बॅटरीवर चालणारा अ‍ॅजिटेटर, म्हणजे दूध ढवळायचं पातं. वर घट्ट झाकण. त्याचा निकाल वर सांगितलाच आहे.

मग मी बर्फ काढला, पण पातं ठेवलं. दूध ढवळलं नाही तर साय धरते. मासे ढवळले नाहीत तर काय धरतं, हा विचार मी केला नव्हता. काठावरच ट्रायल घेतली. मासे जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे गोल गोल फिरू लागले. थोड्या वेळानेही फिरत होते, पण आता पोटं वर करून.

"ह्यांला आंघूळ घालताय का दळताय?" ठकूताईंनी विचारलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "उद्या सांजच्याला दावन टाकायचीय मला. जमत नसंल तर आत्ताच सांगा. माझ्या होडीवर शिकू नका, राव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात ऑफिसमधून आमच्या मॅनेजरांचा फोन आला.

"कुठे आहेस? नारायणगावची कम्प्लेंट पेंडिंग आहे."

"रजेवर आहे, सर. एका टाकीत माल टिकत नाहीये."

"कसला माल?"

"मासे. जिवंत ठेवायचेत."

ते म्हणाले, "अरे बाबा, टाकीत काहीही जिवंत राहू नये म्हणून आपल्याला पगार मिळतो!" आणि फोन ठेवला.

मी काठावर तसाच बसलो. माणूस चिडून बोलला होता, पण बोलला खरं. गार करायचं, बंद करायचं, कॉस्टिकने धुवायचं, हे सगळं आम्ही जंतूंना जगता येऊ नये म्हणून करतो. तेच सगळं मी त्या बोटाएवढ्या जिवांना मन लावून केलं होतं. मी मासे टिकवत होतो. त्यांना जगवायचं होतं.

मग मी माझंच काम उलटं करत गेलो. पातं काढलं. झाकण काढून वर ओलं गोणपाट टाकलं. टाकी धरणाच्याच पाण्याने पुन्हा पुन्हा विसळली, कॉस्टिकचा वास जाईपर्यंत. गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप तेवढा बसवला. तो धरणाचं पाणी उचलून भोकं पाडलेल्या पाइपातून वरून बारीक धारांनी सोडायचा. धारांबरोबर हवा आत जाते, आणि जुनं पाणी कडेच्या नळीने बाहेर. मासेही पूर्वीच्या निम्मेच भरले.

शुक्रवारी संध्याकाळी ठकूताई दावण टाकायला गेल्या. अंधार पडता पडता परतल्या आणि टाकीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "शेवटच्या गळापातूर जित्ती व्हती." पण मरळ लागेल की नाही, ते सकाळीच कळणार होतं. रात्री मला जेवण गेलं नाही. कूलर बंद पडला तर दूध जातं. इथे एका बाईची होडी जाणार होती.

शनिवारी पहाटेच ठकूताई दावण ओढायला गेल्या; काठावर नामदेवभाऊ आणि मी वाट बघत उभे होतो. होडी जवळ आली. ठकूताईंनी पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि नामदेवभाऊंना म्हणाल्या, "इका आता होडी!" पाटीत मरळ वळवळत होत्या. माझे डोळे भरून आले. उन्हाने, असं मी सांगितलं.

ऑर्डर राहिली. होडीही राहिली.

नामदेवभाऊंनी टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "सायेब, नेमकी मशीन कंची बसिवली वो?"

"पंप," मी म्हणालो. "बाकी जे बसवलं होतं ते काढलं."

निघताना ठकूताईंनी माझ्या हातात एक मरळ ठेवली. "पुना कवा काय अडलं तर बोलवीन तुमाला," त्या म्हणाल्या. "पन येताना काय बी घिऊन येऊ नका."