रेंज येते आपोआप

दुसऱ्यांच्या लग्नात पोळ्या लाटत मी केटरिंगचा धंदा शिकले. पुढं स्वतःची भांडी घेतली, स्वतःचे आचारी ठेवले. मुक्काम साताऱ्यात, पण लगीनसराईत निम्मी कामं सांगलीची. गिऱ्हाइकाला मी एका जागी सापडायची नाही, म्हणून नव्वदीच्या शेवटी शेवटी मोबाइल घेतला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. घरात सगळ्यांनी नावं ठेवली. चुलत दीर म्हणाला, "वहिनी, आमटीत मीठ किती, हेबी आता फोनवर विचारणार व्हय?" आणि महिन्याभरात त्यानंही अगदी तसाच फोन आणला.

हा दीर आधी माझ्याच हाताखाली वाढपी होता. माझी गिऱ्हाइकं ओळखीची करून घेतली आणि वेगळा निघाला. तेवढं मी गिळलं होतं.

त्या सुमाराला शिरवळच्या एका कारखान्याशी माझी बोलणी चालली होती. कामगारांचं दुपारचं जेवण साताऱ्यातून टेम्पोनं रोज पोचवायचं. लगीनसराई संपली की माझे आचारी रिकामे व्हायचे, गावी निघून जायचे, काही परत यायचेच नाहीत. हे काम मिळालं तर बारा महिने चूल पेटती राहणार होती. ताटाच्या भावावरून मी मॅनेजरशी दोनदा भांडून उठले होते, आणि दोन्ही वेळा त्यानंच मला परत बसवलं होतं. "शनिवारी फोन करतो. तुमचा नाही लागला तर दुसऱ्याला विचारावं लागेल," एवढं तो म्हणाला. दुसरा म्हणजे माझा दीर.

त्याच आठवड्यात नात्यातल्या लग्नाला आम्ही मुंबईला गेलो, एकाच गाडीतून. मुंबईत माझा फोन मुका झाला. दिरानं तो हातात घेतला, बटणं दाबली. "हितं कंपनी वेगळी असती वहिनी. ती हातानं निवडावी लागती." फोन लागला. परतताना खंबाटकी घाटात मी त्याला विचारलं, "मुंबई मागं पडली. आता परत काही करायचं का?"

"कायबी नको. येतंय आपोआप."

शनिवारी सकाळपासून फोनवर रेंजची एकही रेघ नव्हती. मी गच्चीवर गेले. रस्त्याच्या टोकाला गेले. दुपारी दीर चहाला आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आज साताऱ्यातच रेंज न्हाई. माझ्याबी फोनला न्हाई." मला ते पटलं. तेव्हा रेंज कधी असायची, कधी नसायची, कुणी कारण विचारत नसे. सोमवारी एसटीडी बूथवरून मी शिरवळला फोन लावला. काम दिराला गेलेलं होतं. "तुमचा फोनच लागेना," मॅनेजर म्हणाला.

सोमवारीही रेंज नव्हती. आणि त्याच साताऱ्यात दिराचा फोन मात्र वाजत होता.

फोन घेऊन मी दुकानात गेले नाही. दुकानदार दोन बटणं दाबून मोकळा झाला असता आणि काय झालं होतं ते मला कधीच कळलं नसतं. सांगलीला एका नवरीच्या बापाकडे माझ्यासारखाच फोन होता. मेनू ठरवायला बसले असताना मी तो बघायला मागून घेतला आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. इंग्रजी मी अक्षर अक्षर जुळवून वाचते. एकेक पान उघडत गेले. सगळं सारखं. नेटवर्क निवडायच्या पानावर मात्र त्यांच्या फोनवर ऑटोमॅटिक आणि माझ्यावर मॅन्युअल. माझा फोन साताऱ्यात बसून मुंबईची कंपनी शोधत होता. ऑटोमॅटिक म्हणजे काय, हे मी नवरीच्या बापाला विचारलं.

"आपोआप," ते म्हणाले.

माझा फोन मी ऑटोमॅटिकवर आणला, पण कुणाला काही बोलले नाही. घरात लोक म्हणायला लागले, हिचा राग कसा काय गेला. त्या दिवसांत मी फोनचं सगळं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं. आपला फोन दुसऱ्या नंबरावर वळवता येतो, हे मला त्यातच सापडलं.

पावसाळ्यात दीर माझ्याकडं मोठी पातेली मागायला आला. शिरवळला नव्या शेडचं उद्घाटन होतं. "ताटं किती, पाव्हणे किती, सगळं आज संध्याकाळी मॅनेजर फोनवर सांगणार हाय," म्हणाला. फोन तांदळाच्या पोत्यावर ठेवून तो पातेली निवडायला आत गेला. मी त्याचे सगळे फोन कुंडलला, त्याच्या सासऱ्याच्या घरच्या फोनवर वळवले. नंबर माझ्याकडं होताच, त्याच्या लग्नाचं जेवण मीच केलं होतं. पडद्यावर एक बारीकसा वाकडा बाण उमटला. फोनमधलं सगळं कळतं म्हणणाऱ्या माणसानं तो बाण बघायला हवा होता. त्यानं फोन खिशात टाकला.

मी उद्यासाठी गहू दळून आणायला सांगितले. टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. मॅनेजर तापला होता. "तीनदा लावला. दर वेळी कुणीतरी म्हातारा उचलतो. म्हणतो, 'आवं, जावई न्हाईत हितं, तुमी कंच्या गावचं? पाऊस हाय का तिकडं?' ते जाऊ द्या. उद्याचं जेवण तुम्ही द्याल का?"

"देईन. पण एका दिवसाचं देणार नाही. रोजचं द्या. आणि भाव मी आधी सांगितला होता तोच."

यावेळी तो वाकला.

उद्घाटन झाल्यावर दीर पातेली परत करायला आला. उतरलेल्या तोंडानं म्हणाला, "रातपातूर फोनची वाट बघत बसलो, वहिनी. ह्या रेंजचं काय खरं न्हाई."

"काही करू नका," मी म्हणाले. "येतं आपोआप."

त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग चहा न घेताच गेला.

भांडी लावताना एक झाकण कमी निघालं. ते मागायला मी दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. कुंडलच्या म्हाताऱ्यानं उचलला. मी त्यांची खुशाली विचारली, पाऊसपाण्याचं बोलले आणि फोन ठेवला. झाकणासाठी मग माणूस पाठवला.