आईचे दोन धडधाकट दात

डॉक्टरांनी माझ्या आईचे दोन धडधाकट दात घासून बारीक केले. ते तिच्या संमतीनं केलं, असं ते अजूनही म्हणतात. मला नीट भांडता येत नाही. रागात माझा आवाज चिरकतो आणि मी मुद्दे विसरते. म्हणून लिहिते आहे.

आईची खालची एक दाढ किडली होती, ती वर्षभरापूर्वी काढली. आम्ही कामठीला राहतो, आई तिथल्याच एका खानावळीत पोळ्या लाटते. दाढ गेल्यापासून ती एकाच बाजूनं चावायची. कणकेचे रोडगे भाजले की वरचं कडक कवच आमच्या ताटात टाकून आतला मऊ गर तेवढा खायची. फुटाणे बंदच झाले. शेवटी मीच तिला नागपुरातल्या एका दातांच्या दवाखान्यात जायला लावलं. ब्रिज म्हणजे काय, हे तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. दाढेच्या रिकाम्या जागी खोटी दाढ बसवतात, एवढंच ऐकलं होतं. ती खोटी दाढ अधांतरी राहत नाही, दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर टोप्या चढवाव्या लागतात आणि मधली दाढ त्या टोप्यांना जोडलेली असते, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी माझं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. मी पोचले तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसली होती. ओठाची एक बाजू बधिर होती, आणि पदरानं ती लाळ पुसत होती.

"अवं, बाजूचे दोन्ही घासले त्यानं," ती म्हणाली. "चांगले होते ना माहे दात."

"मग तू नाही म्हटलं नाहीस?"

"तो सांगून राहिला होता, मी हो जी, हो जी म्हणत होती. मले वाटलं, त्याचं सांगणं होऊ दे, मग म्हणीन का घरी विचारून सांगतो. तं त्यानं सुईच टोचली."

आमच्याकडच्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. समोरचा बोलत असला की आपण अधूनमधून 'हो जी' म्हणतो. ऐकते आहे, तुम्ही बोला, एवढाच त्याचा अर्थ. मागे पाण्याचं फिल्टर विकणारा एक माणूस आमच्या दारात आला होता. आईनं त्याचं सगळं बोलणं 'हो जी, हो जी' करत ऐकलं. त्यानं खूश होऊन खोकं फोडलं, नळी जोडायला घेतली, तेव्हा आई म्हणाली, "पण आमाले नाही पाहिजे बापा." तो बिचारा सगळं परत खोक्यात भरून गेला. आम्ही खूप हसलो होतो.

फिल्टर परत खोक्यात भरता येतं. घासलेला दात परत वाढत नाही.

मी आत गेले. डॉक्टर हात धूत होते. त्यांनी मला "बस ना बेटा" म्हटलं.

"सर, तिला हे कळलंच नव्हतं," मी म्हणाले.

"मी सगळं नीट समजावलं. चित्र दाखवलं. प्रत्येक वेळी विचारलं, चालेल ना? त्या हो म्हणाल्या."

"ती हो जी म्हणाली असेल."

"मग? तेच तर म्हणतोय मी."

"सर, ते हो नसतं."

"मग काय असतं?" ते हसले. "तू शिकलेली मुलगी आहेस. हो म्हणजे हो ना?"

मी जागची हलले नाही. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, ते रात्रभर विचार करून सापडलं. ते डॉक्टर बाहेरून आलेले नव्हते. ते मदतनीस मुलीशी बोलताना 'काहून वं' आणि 'करून राहिलो' असंच बोलत होते. त्यांच्या घरीही कोणीतरी 'हो जी' म्हणतच असणार. अर्थ त्यांना ठाऊक होता. पण त्या खुर्चीपाशी उभं राहून तो विसरणं त्यांच्या सोयीचं होतं. काढ-घाल करायचा दातही मिळतो, किंवा काहीच न करता तसंच राहता येतं, हे त्यांनी सांगितलं की नाही, ते आईला आठवत नाही. मी विचारलं तर ते म्हणाले, "सगळं सांगितलं."

दुसरा डॉक्टर बघण्यात अर्थ नव्हता. घासलेल्या खुंटांवर तात्पुरत्या टोप्या होत्या, माप लॅबला गेलं होतं. आता एकच गोष्ट हातात होती. ब्रिज कायमचा चिकटवतात, आणि तो जराही उंच बसला तर प्रत्येक घासाला त्या दातांवर दाब येतो. नंतर काढायचा तर बहुतेक कापूनच काढावा लागतो. म्हणजे चिकटवण्याआधी आईनं खरं बोलणं भाग होतं. आणि आई डॉक्टरसमोर खरं बोलत नाही, आदरानं बोलते.

बसवायच्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि खुर्चीच्या अगदी बाजूला उभी राहिले. मदतनीस मुलगी म्हणाली, "मॅडम, बाहेर बसा." मी म्हणाले, "नाही." आणि खुर्चीचा हात धरला.

डॉक्टरांनी ब्रिज बसवला, चावल्यावर ठसा उमटतो तो निळा कागद वर ठेवला. "चावा. उंच लागतंय का? ठीक आहे ना?"

"हो जी," आई म्हणाली.

ते मदतनीस मुलीकडे वळले. "सिमेंट बनव."

"थांबा सर!" माझा आवाज नेहमीसारखा चिरकला. "तुम्ही दोन प्रश्न विचारले. तिनं कशाचं उत्तर दिलं? उंच लागतंय याचं, की ठीक आहे याचं?"

"तू मला काम करू देशील का?"

"आई, चावताना आधी कुठं टेकतं? बोट लाव."

आईनं आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे डोळे वटारले. मग हळूच बोट मागच्या टोपीवर ठेवलं. निळा ठिपकाही तिथंच उमटला होता, गडद. डॉक्टरांनी टोपी थोडी घासली, परत बसवली, परत विचारलं. या वेळी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

शेवटी ते एका हाताच्या बोटांनी आईचा गाल आतून ओढून धरून, सिमेंट लावलेला ब्रिज तोंडाजवळ आणत होते, तर आईनंच त्यांचं मनगट धरून बोटं बाहेर काढायला लावली. "थांबा जी. अजून लागते थोडं." त्यांना सिमेंट पुसून टोपी पुन्हा घासावी लागली.

परतीच्या शेअर ऑटोत ती माझ्यावरच चिडली. "डॉक्टरले असं बोलते काय वं? लाज नाही वाटत?"

"तू तर हात धरला त्यांचा."

"तं काय करू? तोंडात बोटं घालून बसला होता, हो जी म्हणायले जागा कुठं होती!"

समोर बसलेली बाई हसली. मला हसू आलं नाही.

ब्रिज चांगला बसला आहे. आई आता दोन्ही बाजूंनी चावते, आणि शेजारच्या काकूंना त्याच डॉक्टरांचा पत्ता देते. परवा काकू आल्या तेव्हा तिनं कौतुकानं आ करून दाखवलं. "पाह्य ना, कळते काय खोटा कोणता ते?" काकूंना कळलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्या टोप्यांखालचे दोन खुंट आले. मी उठून मागच्या अंगणात गेले.