उंटकटाऱ्याचं नाणं

धुळ्याच्या सराफ बाजारात हाशमभाईंचा उभा जन्म चांदीला उजाळा देण्यात गेला. दागिना रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, चकाकला की गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. घरच्या डबीत मात्र त्यांनी काळवंडलेली नाणी जपली होती. त्यांना रिठ्याचा थेंबही ते लागू देत नसत.

सगळी स्कॉटलंडची, चारशे वर्षांपूर्वीची. नाद लागला तो एका नाण्यामुळे. शिरपूरकडच्या डोंगरातली कस्तुराबाई तुटलेली माळ मोडीत घालायला आली होती. माळेतल्या राणीछाप रुपयांत एक अनोळखी नाणं निघालं, त्यावर मुकुटाखाली काटेरी फूल. ते पाहताच हाशमभाईंना लहानपणीचा दोंडाईच्याचा बांध आठवला, अनवाणी पायांत रुतणारा उंटकटारा आठवला. पेढीच्या शेठकडून मजुरीऐवजी त्यांनी ते नाणंच मागून घेतलं. ते कुठल्या मुलखाचं, हे नाशिकच्या नाणेप्रदर्शनात कळलं. मग वर्षावर्षाने तसल्याच फुलाची आणखी काही जमली. पहिल्याला माळेची कडी होती, म्हणून जाणकार नाक मुरडायचे. हाशमभाईंना ती कडीच कामाची वाटली. काळ्या दोऱ्यात ओवून त्यांनी ते साबेराच्या गळ्यात बांधलं.

"लोक बायकोला गुलाब देतात," साबेरा म्हणाली होती, "तुम्ही काटे आणले."

पण जाईपर्यंत तिने ते उतरवलं नाही. ती गेल्यावर ते डबीत आलं, तेव्हा फुलाच्या खाचांत तिच्या घामाचा काळेपणा बसला होता. त्यावरून बोट फिरवलं की हाशमभाईंना ती घरातच कुठेतरी आहे असं वाटे.

यंदा ईदच्या आधी नव्या सुनेने, रुखसारने, घरातली चांदी काढली. सासऱ्याच्या कामाला शोभेल असं व्हावं म्हणून तिने रिठे उकळले, पैंजण घासले, डबीतली नाणीही घासली. हाशमभाई नमाज पढून आले तेव्हा ताटात सगळं लखलखत होतं. त्यांनी कडीचं नाणं उचललं, बोट फिरवलं. खाचा कोऱ्या होत्या.

त्यांचा चेहरा पाहून रुखसारने हळूच विचारलं, "डाग राहिला का, अब्बा?"

"नाही बेटा. एकही नाही राहिला."

ते खाटेवर बसले. कितीजणींच्या अंगचा काळेपणा आपण असाच धुऊन दिला, आणि त्या हसत घरी गेल्या, हे त्यांना आज पहिल्यांदा जाणवलं. मग उठून त्यांनी काळा दोरा शोधला, कडीत ओवला आणि नाणं सुनेपुढे धरलं.

"घाल गळ्यात. आणि याला पुन्हा घासू नको."