मिशनच्या शाळेतली मोठीमाय

जऊळक्याजवळ मिशनची एक शाळा होती. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली पोरं तिथे राहत. आमच्या मळ्यातली वांगी, मेथी मी रोज सकाळी तिथे पोचवायची. भाजी घ्यायला यायची ती पोरांना सांभाळणारी बाई. तिचं नाव मला कधी कळलंच नाही. पोरं तिला मोठीमाय म्हणत, म्हणून मीही म्हणायची. बोलता बोलता हाताशी सापडेल त्या पोराचं नाक ती पदरानं पुसायची. एकदा माझंही पुसलं. आवाज असा, की तिची कुजबुजसुद्धा आवारभर ऐकू जायची.

एके दिवशी मी भाजी देत होते, तेवढ्यात एका पोरीचा काका बैलगाडी घेऊन आला. नऊ वर्षांच्या त्या पोरीचं लग्न त्यानं एका बिजवराशी ठरवलं होतं. पोरगी आत कोठीमागे लपली. पाद्रीसाहेब बाहेरगावी होते. मोठीमाय सरळ उंबऱ्यावर जाऊन बसली.

“पोरगी आमची हाये. बाजूले सर!” काका ओरडला.

“मले ओलांडून जाय, अन् ने तिले.”

आईच्या वयाच्या बाईला ओलांडायचा त्याला धीर झाला नाही. दुपार कलेपर्यंत तो शिव्या देत राहिला. मग गाडी जुंपून गेला, तो पुन्हा आला नाही.

मी जवळ गेले. “मोठीमाय, तुमाले भेव नाही वाटलं?”

“लय वाटलं व माय. पायातला जीवच गेला होता, म्हणून तं बसली. आता उठव मले.”

एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं कोठीमागून बाहेर आलेल्या त्या पोरीनं, तेव्हा कुठे ती उभी राहिली.