वहिनी आणि द्राक्षासव

वहिनींविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. त्यांच्याविषयी सांगायचं तर सुरुवात त्यांच्या नाकापासून करावी लागते, आणि एकदा नाकापासून सुरुवात केली की पुढचं सगळंच सांगावं लागतं. आता त्याही नाहीत, आणि ज्याच्यासाठी हे खरं म्हणजे आधी सांगायला हवं होतं तोही नाही. म्हणून लिहितो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. बोरीवलीला त्यांच्या घराची बेल वाजवली की त्या दार बोटभर उघडायच्या, समोरच्याचा वास घ्यायच्या आणि मगच "या" म्हणायच्या. पाहुणा असो, गॅसवाला असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार. घरातला प्रत्येक पेला पाणी भरण्याआधी नाकाला लावून बघायच्या. समोरच्या बिऱ्हाडातली बाई एकदा हसून म्हणाली, "तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्यात हो." वहिनी म्हणाल्या, "पोलिसांचं बरं असतं. पकडलेल्या माणसाबरोबर त्यांना संसार करावा लागत नाही."

तो माणूस म्हणजे दादा. गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर एका गोदामावर रखवालदारी करू लागला. पिणं गिरणीतच लागलं होतं, पण रिकामपणात ते वाढलं. आरडाओरडा करणारा दारुडा तो कधीच नव्हता. प्यायला की हळवा व्हायचा, आईची आठवण काढायचा आणि बसल्या जागी झोपून जायचा. माझं कॉलेज त्याच्या ओव्हरटाइमवर झालं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यामुळेच बहुधा, त्याला 'नाही' म्हणणं मला आयुष्यात जमलं नाही.

दारूशी भांडून भांडून वहिनींनी शेवटी एक तह केला होता. प्यायचीच असेल तर उपाशीपोटी नाही. संध्याकाळी दादा खिडकीखाली जाऊन बसला की त्या तोंडानं शिव्या देत कुरकुरीत बोंबील तळायच्या आणि ताटली त्याच्यापुढे आदळायच्या. कधी तिरफळं घातलेला बांगडा, कधी कलेजी, काही नसलं तर भिजवलेले चणे कांदा घालून. "गिळा. नुसतं आतडं जाळू नका." बोंबील मात्र अप्रतिम असायचे. मी गेलो की मीही दादाबरोबर थोडी घ्यायचो. ते बघून वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमचं बरं आहे. तुम्हाला थांबता येतं."

वहिनींचा धाकटा भाऊ सुधाकर घाटकोपरला राहायचा. दर रविवारी यायचा, आल्या आल्या दारातच तोंड उघडून "हा" करायचा आणि म्हणायचा, "घे ताय, चेक कर." वहिनी त्याच्या पाठीत धपाटा घालायच्या. "मेल्या, तू सुपारी खाऊन येतोस." सुधाकर घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादाचं आणि त्याचं चांगलं जमायचं, हेही.

मग दादाचं यकृत बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता थेंबही नको. वहिनींनी घर पिंजून काढलं. पाण्याच्या टाकीमागची, पिठाच्या डब्यातली, गणपतीच्या मखराच्या खोक्यातली, सगळ्या बाटल्या शोधून मोरीत ओतल्या. काही महिने दादा खरंच कोरडा राहिला. वजन थोडं भरलं, रंग आला. वहिनी देवापुढे बसून रडल्या, तेव्हा मी तिथंच होतो.

आणि एका दुपारी, वहिनी बाजारात गेल्या असताना, दादानं माझा हात धरला. "भाई, झोप लागत नाही रे. दोन चमचे. औषधासारखे. जास्त नको."

मला वाटलं, दोन चमच्यांनी काय होतंय. पण वहिनींचं नाक चुकवणं सोपं नव्हतं. म्हणून मी त्यांना सांगितलं की दादाला ताकद यावी म्हणून द्राक्षासव आणतो. पहिली बाटली खरीच होती. वहिनींनी बूच काढून हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्याला पण तसलाच वास येतोय की हो."

"आसव आहे वहिनी. औषधाला तेवढा यायचाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाटली दादाच्या उशाशी नेऊन ठेवली. नंतरच्या बाटल्यांत रम होती, वर वासापुरतं द्राक्षासव. जन्मभर ज्या नाकानं कोणाला सोडलं नाही, त्याला मी अशी सवय लावली. बाटली संपली की वहिनी स्वतःच सांगायच्या, "भाऊजी, औषध संपलं बरं का. त्यांना बरं वाटतंय त्यानं."

शेवटची बाटली दादानं एका बैठकीत संपवली. रक्ताची उलटी झाली, हॉस्पिटलात नेलं, तिथून तो परत आला नाही. आम्ही स्मशानातून आल्यावर वहिनींनी उशाजवळची बाटली उचलली, हुंगली, उलटी करून उरलेले थेंब तळहातावर घेतले आणि परत हुंगलं. कोणी त्यात दारू भरून दिली, हे त्यांना कळलं नव्हतं. कोणीतरी दिली, एवढं कळलं होतं.

दादाला एकच मुलगी. त्यामुळे दहाव्याचे विधी माझ्या हातून झाले. डोकं भादरलेलं, ओलं धोतर, पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरून उभे. वहिनी हट्टानं आल्या होत्या. कावळे झाडावर होते, पण एकही पिंडाला शिवेना. लोक पुढे होऊन एकेक वचन देत होते. मुलीकडे बघू, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. मीही दिलं. कावळे हलेनात. ऊन चढलं. शेवटी मी सुधाकरच्या कानात एका रमचं नाव सांगितलं. "दादाला अलीकडे तीच लागायची. थोडी आणून ठेव." मी स्वतः त्या वेषात दुकानात जाऊ शकत नव्हतो. सुधाकर गेला, लहान बाटली घेऊन आला आणि पिंडाशेजारी द्रोणात ओतली. कावळा खाली उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. वहिनींनी जोडले नाहीत. त्या द्रोणापाशी वाकल्या, वास घेतला आणि सुधाकरकडे वळल्या.

"हीच. त्या बाटलीत हीच होती. तुका कसा रे म्हायती?"

"ताय, अगं..."

"तू दिलंस. औषधाच्या बाटलीत भरून तू दिलंस त्यांका."

सुधाकरनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी सुतक धरलेला, क्रिया करणारा भाऊ होतो. माझ्यावर तिथं बोट दाखवणं त्याच्या संस्कारात बसणारं नव्हतं. तो मी बोलायची वाट बघत होता. मी पिंडाकडे बघत राहिलो. मग तो खाली मान घालून चपला शोधायला लागला.

त्यानंतर सुधाकरला त्या घराचं दार बंद झालं. फोन नाही, पत्रिका नाही. सख्खा भाऊ घाटकोपरला असताना वहिनी भाऊबीजेला गॅलरीत जाऊन चंद्राला ओवाळायच्या, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशा. मी दारू सोडली. वहिनींना वाटलं, दादाच्या दुःखानं सोडली. नातेवाइकांत त्या कौतुकानं सांगायच्या, "भाऊ असावा तर असा." मी ते ऐकून घ्यायचो. दर वर्षी वाटायचं, आता सांगू. दर वर्षी ते आणखी अवघड झालेलं असायचं.

हे असंच संपलं असतं, पण वहिनींची नात केतकी हॉटेलातलं शिकली आणि बोरीवलीतल्याच एका माशांच्या हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळायला लागली. तिथं तिनं एक संध्याकाळ ठरवली, वाइन आणि मालवणी जेवण. एकेक पदार्थ आणि त्याच्याबरोबर जुळणारी नाशिककडची एकेक वाइन. पदार्थ सगळे आजीकडून शिकलेले, म्हणून आजीला बोलवायची तिची इच्छा. पण विचारायची तिची हिंमत होईना. तिनं मला मध्ये घातलं. मी भीत भीत विषय काढला, तर वहिनी म्हणाल्या, "येते की. जन्मभर लपवून पिणारे बघितले. उघड्यावर कसे पितात ते बघते."

पांढऱ्या चादरीची टेबलं, मंद दिवे, आमच्या आजूबाजूला सगळी तरुण जोडपी. एक मुलगा प्रत्येक टेबलाशी येऊन समजावत होता. वहिनींना म्हणाला, "आजी, पेला असा हलकेच फिरवायचा, आणि मग नाक आत घालायचं."

"नाक मी जन्मभर घालत्येय, बाळा. फक्त फिरवत नव्हते."

तो मनापासून हसला. त्याला काय माहीत. वहिनींनी चाखलं काही नाही. प्रत्येक पेला हुंगून माझ्याकडे सरकवायच्या, आणि मीही न घेता तो बाजूला ठेवायचो. पहिल्या वाइनला त्या म्हणाल्या, "ह्यांच्या शर्टाचा वास नाही हिला." कोळंबी नीट चघळून खाल्ली. "केतकी, खोबरं अजून भाजायला हवं होतं गं." केतकी टेबलाशी उभी राहून मान डोलवत होती.

मग वहिनींचं लक्ष पलीकडच्या टेबलाकडे गेलं. तिथला माणूस बिल देऊन उठला होता. त्याच्या पेल्यात निम्मी वाइन तशीच होती.

"भाऊजी, तो अर्धी ठेवून गेला."

"हो."

"परत येईल का?"

"नाही वहिनी. झालं त्याचं."

त्या कितीतरी वेळ त्या पेल्याकडे बघत होत्या. वेटरनं तो उचलून नेला तेव्हा त्यांची मान त्याच्याबरोबर वळली. "एकदा," त्या म्हणाल्या, "एकदा जरी ह्यांनी अशी ठेवली असती."

शेवटी कोंबडी-वडे आले, आणि त्यांच्याबरोबर लाल वाइन. वहिनींनी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे."

मी पाण्याचा घोट घेतला.

"द्राक्षासव. तुम्ही त्यांना आणून द्यायचात ते."

केतकी टाळी वाजवून म्हणाली, "आजी, सॉलिड! द्राक्षंच आहेत ना शेवटी!" आणि आत पळाली. वहिनींनी पेला खाली ठेवला.

"तुम्ही बिचारे औषध आणत होतात, आणि सुधा मेला ते ओतून टाकून त्यात आपली भरत होता. इतकी वर्षं झाली, मला एकच कळत नाही भाऊजी. बहिणीचं कुंकू होतं ते. त्याला काहीच कसं वाटलं नाही?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. मी "वहिनी" म्हणालो. पुढचं वाक्य जिभेवर होतं. आणि मी जे बोललो ते हे: "सुधाकरचं आता वय झालंय. जाऊ द्या. माफ करून टाका त्याला."

वहिनींचे डोळे भरून आले. "तुमचा सख्खा भाऊ गेला, आणि तुम्हीच म्हणताय माफ करा. मन मोठं आहे तुमचं." मग त्यांनी वडा मोडून रश्शात बुडवला आणि निम्मा माझ्या ताटात ठेवला. मी तो खाल्ला.

त्या वर्षी भाऊबीजेला वहिनींनी सुधाकरला फोन केला. तो आला. केस पांढरे झालेले, काठी हातात. वहिनींनी दार पूर्ण उघडलं आणि वास न घेता त्याला आत घेतलं. पाटावर बसवून ओवाळलं आणि म्हणाल्या, "सुधा, मी माफ केलं रे तुला." सुधाकरनं काठी बाजूला ठेवली. मग त्यानं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. जे केलं नव्हतं त्याची माफी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कारण त्याच्याशिवाय बहीण मिळत नव्हती.

निघताना मी त्याला खालपर्यंत सोडायला गेलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो म्हणाला, "मला माफी मिळाली, भाई. आता तुमचं तुम्ही बघा." रिक्षा आली, तो बसला आणि गेला.

काही महिन्यांत सुधाकर गेला. वहिनी घाटकोपरला त्याच्या मुलांच्या गळ्यात पडून रडल्या. परतताना टॅक्सीत माझा हात धरून म्हणाल्या, "वेळेवर माफ केलं हो त्याला. तुम्ही सांगितलंत म्हणून. नाहीतर मी काय तोंड घेऊन जगले असते?" त्यानंतर सांगायचं म्हणजे त्यांच्याकडे उरलेलं तेवढं एक समाधानही काढून घ्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. पण हेही पूर्ण खरं नाही. मला भीती वाटत होती. आधीही तीच वाटत होती.

वहिनी शेवटी हॉस्पिटलात होत्या, तेव्हा मी एका सकाळी ठरवून गेलो. केतकीला चहा प्यायला खाली पाठवलं. खुर्ची पलंगाजवळ ओढली. वहिनींनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं.

"काहीतरी बोलायला आलात ना?"

मी मान हलवली.

"बोला की मग."

मी रुमाल काढून डोळे पुसायला लागलो. त्यांनी सलाईन लावलेला हात माझ्या हातावर ठेवला. त्यांना वाटलं, मला दादाची आठवण येते आहे. "रडू नका. तुम्ही खूप केलंत त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि मला धीर देता देताच त्यांचा डोळा लागला.

केतकी वर आली, तेव्हा मी उठलो. कॉरिडॉर, लिफ्ट, दरवाजा, रस्ता. चालता चालता मी ते वाक्य म्हणत होतो, आता मात्र अगदी नीट, न अडखळता. वहिनी, ती बाटली मी भरून आणत होतो. सुधाकरचा काही दोष नव्हता. मला माफ करा.