सावंत काकांचा ग्रीन फंड

“मॅडम, सही घेऊन टाका. काकांचं मन फिरायच्या आत!” नायर साहेब माझ्या कानाशी कुजबुजले.

साहेब म्हणजे आमच्या बँकेच्या कांदिवली शाखेचे मॅनेजर. एका सोसायटीच्या सत्यनारायणाला आम्ही मंडपाबाहेर टेबल टाकलं होतं. बॅनरवर ‘ग्रीन गुंतवणूक’, शेजारी फुकट वाटायला तुळशीची रोपं. समोर सेक्रेटरी सावंत काका, नुकतेच रिटायर झालेले. रिटायरमेंटचे सगळे पैसे ग्रीन फंडात टाकायला निघालेले. आमच्याकडे सेक्रेटरीने जिथे सही केली, तिथे अख्खी बिल्डिंग करते. म्हणून साहेबांची घाई.

“काका, हे पैसे लागणार कधी?” मी विचारलं.

“फुडल्या मे म्हयन्यात. चेडवाचा लगीन आसा नाय!”

मुलीच्या लग्नाचे पैसे! माझं डोकंच सटकलं.

“मग हा फंड तुमच्यासाठी नाही.”

साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि बोलतच राहिले.

“फंड म्हणजे सोलर, इलेक्ट्रिक गाड्या असल्या कंपन्यांचे शेअर. मार्केट पडलं की तेही पडतात. तुम्हाला थांबायला वेळ कुठाय? त्यापेक्षा ग्रीन डिपॉझिट घ्या. ती आपली एफडीच. व्याज ठरलेलं. फक्त ते पैसे बँक असल्याच कामांना कर्जाने देते. मुदत लग्नाआधी संपेल अशी ठेवा.”

“पण साहेब तर म्हणाले, दोन्ही एकच!”

“साहेबांच्या मुलीचं लग्न नाहीये.”

काका सही न करताच उठले. एक तुळस उचलली नि मंडपात गेले.

“वाट लावलीत टार्गेटची!” साहेब लालबुंद.

आरती झाली आणि माइकवर काकांचा आवाज आला. “मंडळी, भायर बँकेची बाई बसलीय. ती माझेच पैसे घेईना! तिला विचारल्याशिवाय कोणी सही करायची नाय.”

संपलं, म्हटलं. पण प्रसादाचे द्रोण हातात घेऊनच लोक टेबलाशी आले. प्रत्येकाला मी तोच प्रश्न विचारला, पैसे लागणार कधी? बहुतेकांनी डिपॉझिट घेतलं. काकांनीही. ज्यांना घाई नव्हती, अशा काही तरुणांनी समजून-उमजून फंड घेतला. साहेब फॉर्म पुरवून पुरवून घामाघूम!

मेमध्ये मी नि साहेब लग्नाला गेलो. मार्केट त्याच आठवड्यात सपाटून आपटलं होतं. काकांनी साहेबांना आग्रह करकरून वाढलं. साहेबांनी सोलकढी दोनदा मागून घेतली, टार्गेटचं नाव काढलं नाही.