आण्णा सांगायचे, मी लिहायचे

ऑनलाइन ओळखीत कुणीही नवा माणूस आला, की मायाप्पा आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कंचं, ते इचार." मग समोर पुण्याच्या मोटार कंपनीतला खरेदी अधिकारी असो, नाहीतर अहमदाबादचा यंत्रवाला. धंद्याच्या ओळखी जुळवणारं ॲप होतं ते. तिथं परक्या साहेबांना इंग्रजीतून मूळ गाव विचारताना माझा लाजेनं जीव अर्धा व्हायचा. "आवं आण्णा, हितं काय सोयरीक जुळवायची हाय का?" असं मी एकदा चिडून म्हणाले. आण्णा शांतपणे म्हणाले, "दर सांगताना मानूस खोटं बोलतो, पोरी. गाव सांगताना न्हाई बोलत."

आण्णा जतकडचे. वडिलांची मेंढरं होती आणि वर्षातले आठ महिने चाऱ्यामागं चालण्यात जायचे. आण्णा मात्र शिरवळला एका कारखान्यात लागले. तिथं यंत्राच्या दांड्यावर बसवलेली दाबीव लोकरीची जाड चकती त्यांनी पहिल्यांदा पाहिली. ती तेल धरून ठेवते आणि धूळ आत जाऊ देत नाही. त्यांनी ती नाकाशी नेली आणि म्हणाले, "ही तर मेंढराची लोकर! ही मला येती." वीस वर्षं नोकरी करून त्यांनी तिथंच स्वतःची शेड घातली आणि तशाच चकत्या करायला लागले. लोकर चिमटीत धरली की कुठली दाबात टिकेल, हे त्यांना कळायचं. ते ज्ञान दुसऱ्या कुणाच्या बोटांत आलं नाही.

मी हिशेब-पत्रव्यवहाराला लागले तेव्हा शेडमध्ये नऊ माणसं होती. वर्षभरात आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रबराच्या चकत्यांकडे वळलं. दिवाळीपर्यंत दुसरं तेवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर शेडला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ते ॲप आलं. आण्णांना इंग्रजी येत नव्हतं. ते सांगायचे आणि मी त्यांच्या नावानं लिहायचे.

आणि सांगायचे तरी काय! कुणी ॲपवर लिहिलं, की आमच्या यंत्रातून तेल गळतंय, तर आण्णा मला यंत्राचा वेग विचारायला लावायचे आणि मग म्हणायचे, "ह्येला आपली चकती चालायची न्हाई. रबर बशीव म्हनावं." मी कपाळावर हात मारायचे. "आण्णा, आपण विकायला बसलोय!" त्यावर उत्तर, "आज चुकीचं इकलं तर उद्या त्यो दारात उभा करंल व्हय?" गावाच्या प्रश्नाला दहांतले नऊ साहेब उत्तरच द्यायचे नाहीत. एकानं तर ओळखच तोडून टाकली. त्या दिवशी आण्णांनी दुपारचा चहा घेतला नाही.

उत्तर दिलं ते सेल्वम साहेबांनी. कोइमतूरकडच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत ते खरेदी बघायचे. त्यांचं गाव कोरडवाहू होतं आणि त्यांचे आजोबा शेळ्या राखायचे. मग काय, दोघांचं जमलं. पाच महिने मी इंग्रजीतून मेंढ्यांच्या जुलाबावर लिहीत होते. मध्येच साहेबांनी नमुने मागवले. ते तिकडच्या तपासणीत उतरले. तीन वर्षांचं काम देण्याची गोष्ट निघाली. साहेबांनी एकदा व्हिडिओवर एवढंच विचारलं, "प्रत्येक खेपेची लोकर तुम्ही स्वतः निवडणार ना?" मी मराठीत सांगितलं. आण्णा म्हणाले, "व्हय. माज्या हातानं." त्या बोलण्यात ते तीनदा खोकले.

तो खोकला साधा नव्हता. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला आणि तो पसरलाय, महिने मोजायचे, असंही सांगितलं. मी आण्णांना म्हणाले, "काम हातात येईस्तोवर साहेबांना कळवायचं न्हाई." ते काही बोलले नाहीत. मी तो होकार धरला. साहेबांनी विचारलं, खोकला कसा आहे? मी आण्णांच्या नावानं लिहून टाकलं, की डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, आता बरा आहे.

दोन आठवड्यांनी मी मिरजेला गेले तेव्हा आण्णांनी नेहमीसारखं वाचून दाखवायला सांगितलं. मी साहेबांचा नवा निरोप मराठीत सांगत गेले आणि त्या ओघात, "तब्येतीत काही निघालं नाही हे ऐकून बरं वाटलं, पुढच्या आठवड्यात कागद पाठवतो," हेही सांगून बसले. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"ह्ये माज्या तोंडात कुनी घातलं?" आण्णांनी विचारलं.

मी रडायला लागले. "नऊ घरं हायत, आण्णा."

"ठावं हाय. त्या घरातल्या ल्हान पोरांची नावं बी मला येत्यात. लिव." धाप लागत होती, थांबून थांबून ते सांगत होते. "साहेब, मी जानार. लोकर बगनारा हात ऱ्हानार न्हाई. दुसऱ्या कुनाला शिकवाया जमलं न्हाई, ती माजी चूक. ह्ये कळल्यावर बी काम द्यावं वाटलं तर द्या. माज्या तोंडाकडं बगून देऊ नगा."

मी लिहिलं आणि पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. लांबलचक आणि मायेचं. आपल्या देवाला तुमच्यासाठी साकडं घातलंय, असं साहेबांनी लिहिलं होतं. पण कंपनीला तीन वर्षांची खात्री हवी, म्हणून काम दुसरीकडे देतोय, माफ करा. मी रागानं मोबाईल आपटणार होते. आण्णा म्हणाले, "त्यानं बी खरंच लिवलं की गं." नंतर भिंतीकडे तोंड करून पडले. बाराव्या दिवशी गेले.

शेड दिवाळीआधीच बंद झाली. दोघं हायवेच्या हॉटेलात लागले, एकजण उंब्रजला मेव्हण्याकडे शेतात गेला, बाकीच्यांचं कुठंच धड लागलं नाही. मला दुसऱ्या कंपनीत तेच काम मिळालं. परक्या साहेबांना गोड निरोप लिहायचे. माझं आण्णांवर प्रेम होतं आणि त्यांचा मला राग आहे. दोन्ही अजून तसंच आहे.

तेराव्याला आम्ही सगळे जतला गेलो होतो. चकत्या कापायला होती ती सखूबाई जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"आण्णांनी आजार कळवला म्हनं साहेबाला."

"व्हय."

"लिवलं कुनी?"

"मी."

तिनं समोरची पत्रावळ उचलून गोळा करणाऱ्या बाईच्या हातात दिली. मग हळूच म्हणाली, "दुसरं कायबी लिवलं असतंस, तर त्यास्नी कुठं वाचता येत हुतं गं?"

हे मला त्या दिवशी दवाखान्यातही सुचलं होतं. आण्णा डोळे मिटून पडले होते. माझं खोटं नुकतंच पकडलं होतं, तरी निरोप लिहायला मोबाईल माझ्याच हातात दिला होता, आणि मी काय लिहिते ते एकदाही वळून बघितलं नव्हतं. पण हे सखूबाईला सांगून तिला काम मिळणार नव्हतं.